गप्पांसारखं बोला, दप्तरासारखं जपा: जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात करताना

गेल्या काही वर्षांत मी बऱ्याच वयस्कर माणसांसमोर रेकॉर्डर घेऊन बसलेय, कुणी जुना खेळाडू, कुणी साथसंगत करणारा वादक, कुणी आयुष्यभर एकाच पक्षाच्या सतरंज्या उचललेला कार्यकर्ता, आणि दर वेळी ओळखीतलं कुणीतरी विचारतंच की मलाही हे करायचंय पण सुरुवात कुठून करू. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मुलाखत म्हटलं की लोकांना स्टुडिओ, प्रश्नांची यादी आणि ताठ बसलेला माणूस आठवतो, आणि गप्पा म्हटलं की वाटतं त्यात काय रेकॉर्ड करायचं. माझं म्हणणं असं की बोलताना गप्पाच मारायच्या, फक्त ठेवताना दप्तरी कागद ठेवावा तसं ठेवायचं. म्हणजे समोरच्याला वाटलं पाहिजे की ही पोरगी निवांत ऐकायला आलीये, आणि पन्नास वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्या अनोळखी माणसाला कळलं पाहिजे की कोण बोलतंय, कधी बोलतंय, कशाबद्दल बोलतंय. पहिलं बहुतेकांना जमतं, दुसरं राहून जातं आणि मग फोनमध्ये "रेकॉर्डिंग १७" नावाची फाइल पडून राहते जी कुणाची आहे हे दोन वर्षांनी आपल्यालाच आठवत नाही.

पहिलं काम: आधी दुसऱ्यांनी घेतलेल्या मुलाखती ऐका

लोक ही पायरी गाळतात, गाळू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे, ब्रिटिश लायब्ररीकडे, कोलंबिया विद्यापीठाकडे अशा मुलाखतींचे मोठे संग्रह आहेत आणि त्यातला काही भाग घरबसल्या ऐकता किंवा वाचता येतो, फाळणी पाहिलेल्या माणसांचं "१९४७ पार्टिशन आर्काइव्ह" आहे. कोलंबियाचं काम १९४८ मध्ये ॲलन नेव्हिन्स या इतिहासकाराने सुरू केलं, सुरुवातीला टेपसुद्धा नव्हती, एक विद्यार्थी शेजारी बसून हाताने लिहून घ्यायचा. त्यामुळे साधनं नाहीत ही सबब तशी तेव्हापासूनच चालत नाही.

ऐकायचं कसं तर एक तासाची कुठलीही मुलाखत लावा, वही घ्या आणि उत्तरं नाही, फक्त प्रश्न उतरवा. कुठल्या प्रश्नानंतर माणूस पाच मिनिटं थांबलाच नाही, कुठे विचारणाऱ्याने मध्येच तोंड घातलं आणि चांगली निघालेली गोष्ट कायमची तुटली, कुठे "हो" किंवा "नाही" वर विषय संपला. अशा तीन मुलाखती केल्यात की तुमच्या निम्म्या चुका दुसऱ्याच्या खर्चाने शिकून होतात.

माणूस कोण निवडायचा

सगळ्यात प्रसिद्ध माणसाकडे पहिल्यांदा जाऊ नका. त्याने तीच गोष्ट पन्नास वेळा सांगितलेली असते, ती घासून गुळगुळीत झालेली असते, आणि तुम्हाला एकावन्नावी प्रत मिळते. त्यापेक्षा संघाचा स्कोअरर, मैदानाची निगा राखणारा, कलाकाराची वाद्यं लावून देणारा, रात्रभर भिंती रंगवणारा कार्यकर्ता, यांना सहसा कुणी विचारलेलंच नसतं. आणि विषय छोटा ठेवा. "तुमचं आयुष्य सांगा" म्हटलं तर माणूस बिचारा जन्मतारखेपासून सुरू करतो आणि चाळीस मिनिटांत दमतो. एक निवडणूक, एक मोसम, एका गुरूकडची दहा वर्षं, एवढं पुरतं.

घरचा अभ्यास

एक पानभर कालपट्टी करा, डावीकडे त्या माणसाच्या आयुष्यातली वर्षं आणि उजवीकडे तेव्हा जगात काय चाललं होतं. हे पान प्रश्न विचारायला नसतंच, ते ऐकताना कामाला येतं, कारण तो म्हणाला "त्या वर्षी बंदी आली ना" तर तुम्हाला कुठली बंदी हे लगेच कळायला हवं.

खेळात तर याशिवाय बसूच नका. कपिल देवची झिम्बाब्वेविरुद्धची नाबाद १७५ घ्या, १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स. भारत ५ बाद १७, तिथून ८ बाद २६६. या खेळीचं चित्रीकरणच नाही! म्हणजे आज आपल्याकडे आहे तो स्कोअरकार्ड, थोडे फोटो, वर्तमानपत्रातली वर्णनं आणि तिथे असलेल्या माणसांच्या आठवणी. आता अशा वेळी कुणी तिथे असलेला भेटला तर "किती धावा झाल्या होत्या" हे विचारण्यात एक सेकंद घालवायचा नाही, ते कागदावर आहे. विचारायचं ते कागदावर नसलेलं: तुम्ही कुठे बसला होतात, पाच गेले तेव्हा शेजारचा काय म्हणाला, हळूहळू मैदानातला आवाज कसा बदलत गेला. स्कोअरकार्ड सांगतं त्याच्या पलीकडचं काढायचं असेल तर आधी स्कोअरकार्ड पाठ असायला हवं.

पहिली भेट रिकाम्या हाताने

पहिल्यांदा भेटायला जाल तेव्हा रेकॉर्डर काढू नका, ओळख करून घ्या, काय करणार आहात ते सांगा, खोली बघून ठेवा. फक्त एक काळजी घ्या, माणूस रंगात येऊन मुख्य गोष्टच सांगायला लागला तर प्रेमाने थांबवा, "काका, ही रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवा", कारण पहिल्यांदा सांगताना जो जीव असतो तो दुसऱ्यांदा येत नाही. प्रश्नांची यादी आधी देऊ नका, विषय द्या. यादी दिली की माणूस उत्तरं पाठ करून बसतो.

परवानगी, आणि इथे घाई नको

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. "रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" "हो हो" एवढ्यावर भागत नाही. चार गोष्टी लिहून, वाचून दाखवून, सही घ्या: रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार, इंटरनेटवर टाकायचं का, त्यातला कुठला भाग बंद ठेवायचा आणि किती वर्षं, आणि उद्या त्यांचं मन बदललं तर काय करायचं. घरचं माणूस असेल तरी घ्या, उलट घरच्याबाबत जास्तच घ्या.

आणि जे पाळता येणार नाही असं वचन देऊ नका. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात भाग घेतलेल्या माणसांच्या मुलाखती बोस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पात २००१ पासून काही वर्षं घेतल्या गेल्या, बोलणाऱ्यांना सांगितलं होतं की तुम्ही जिवंत असेपर्यंत हे कुणाला ऐकवणार नाही. २०११ मध्ये पोलिस तपासासाठी त्या टेप्सची मागणी अमेरिकेतल्या कोर्टामार्फत आली आणि काही टेप्स द्याव्या लागल्या. म्हणजे ज्या भरवशावर माणसं बोलली तो भरवसा देणं मुलाखत घेणाऱ्यांच्या हातातच नव्हतं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी माझा फॉर्म नव्याने लिहिला, आता राजकारणावर बोलणाऱ्याला मी सरळ सांगते की कोर्टाने मागितलं तर मी अडवू शकणार नाही, एखादं नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नका. यामुळे काही गोष्टी हातातून जातात, जाऊ देत.

आवाज नीट घ्या

महागडं काही लागत नाही. फोन चालतो, पण फोनला छोटा कॉलर माइक लावा आणि तो हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर शर्टाला अडकवा, फरक तुम्हालाच ऐकू येईल. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारा फाइलचा प्रकार), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा, मोनोमध्ये तासाला साधारण अर्धा जीबी लागतो आणि स्टिरिओ असेल तर एक. "नॉइज कमी करा" वगैरे आपोआप सुधारणा करणारे पर्याय बंद करा, त्याने हळू बोललेलं खाल्लं जातं. आवाजाची पातळी दाखवणारं मीटर बघा, जोरात बोलल्यावर काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे, शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पंखा, फ्रीज, टीव्ही, टिकटिकणारं घड्याळ, जे बंद करता येईल ते करा आणि हेडफोन लावून एकदा ऐका, कारण आपला कान पंख्याला सरावलेला असतो पण माइक नसतो.

फ्लाइट मोड! आणि वायफायही बंद. एका निवृत्त धावपटूशी बोलताना माझ्या फोनवर कॉल आला, मी तो कट केला आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं हे मला चाळीस मिनिटांनी कळलं. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं परत सांगितलं पण आईने बूट कसे आणून दिले हे पहिल्यांदा सांगताना ते जिथे थांबले होते तिथे दुसऱ्यांदा थांबले नाहीत, सरळ पुढे गेले. तो थांबा गेला तो गेलाच. तेव्हापासून मी दोन यंत्रांवर रेकॉर्ड करते.

सुरू केल्याबरोबर आधी स्वतःच्या आवाजात बोला: आज तारीख अमुक, ठिकाण अमुक, बोलणार अमुक, विचारणार मी, विषय हा. १९०२ मध्ये गायिका गौहर जानच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यात गाणं संपल्यावर ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते, कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत आणि तिथल्या माणसांना कुणाची तबकडी हे कळायला हवं. बाकी सगळं बदललं तरी ही गरज तशीच आहे, फाइलचं नाव पुसलं जातं, आवाजातलं नाव राहतं. आणि शेवटी अर्धा मिनिट कुणीच न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्या, पुढे कधी एडिट करायची वेळ आली तर जोडायला उपयोगी पडतो.

आता प्रश्न

पहिला प्रश्न सोपा आणि डोळ्यांपुढे चित्र उभं करणारा हवा. "तुमचा संगीतातला प्रवास कसा झाला" याला भाषणच मिळतं. "गुरूंच्या खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसायचं" याला खोली मिळते, मग खोलीतून गुरू येतात, गुरूंमागून शिव्या येतात, सगळं येतं. "कसं वाटलं?" हा प्रश्न तर मी जवळजवळ बंदच केलाय, त्याला "छान वाटलं" याशिवाय काही येत नाही. त्याऐवजी "मग तुम्ही काय केलंत", "कुणाला पहिल्यांदा सांगितलंत", "त्या रात्री कुठे झोपलात".

एका वेळी एकच प्रश्न. आणि विचारून झालं की गप्प बसा. माणूस थांबला की मनात पाच आकडे मोजा, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तो स्वतःहून पुढचं बोलतो आणि ते पुढचंच खरं असतं. ऐकताना "अच्छा, हो का, बापरे" तोंडाने म्हणू नका, मान हलवा, नाहीतर त्यांच्या वाक्यावर तुमचा हुंकार कायमचा चिकटतो. फक्त हातवारे शब्दांत आणा: ते हात पसरून म्हणाले "एवढी जखम" तर लगेच म्हणा "म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत?" कारण पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला हात दिसणार नाहीत.

राजकारणावर बोलताना माणूस तत्त्वांवर बोलतो, सवयच असते ती. वाद घालू नका, तुमचं मत सांगू नका, जमिनीवर आणा: सभेला खुर्च्या कुठून आल्या, पेट्रोल कुणी भरलं, पत्रकं कुठे छापली, निकालाच्या रात्री ऑफिसात कोण कोण होतं. "तेव्हा काय वाटत होतं" आणि "आज काय वाटतं" हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, नाहीतर आजचं शहाणपण तेव्हाच्या माणसाच्या तोंडी बसतं. अडचणीचा विषय उशिरा काढा पण काढा. टीव्हीवर मुलाखती घेणाऱ्या डेव्हिड फ्रॉस्टने १९७७ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष निक्सन यांच्याशी २८ तासांहून जास्त रेकॉर्डिंग केलं, दाखवलं गेलं त्यातलं थोडंच, आणि वॉटरगेटला, म्हणजे ज्या प्रकरणामुळे निक्सनचं अध्यक्षपद गेलं त्याला, हात घातला तो बऱ्याच बैठका झाल्यावर. आपल्याला २८ तास मिळत नाहीत, पण दुसरी बैठक मागता येते.

संगीतवाल्यांशी बोलताना वाद्य हाताशी ठेवा, हे मी कळकळीने सांगते. १९३८ मध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने जाझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सभागृहात पियानोपाशी बसवून बोलतं केलं आणि तो बोलता बोलता वाजवत गेला, वाजवता वाजवता बोलत गेला, तासन् तास, जाझचे सुरुवातीचे दिवस त्यात असे आलेत की नुसत्या प्रश्नोत्तरांत ते येणं शक्यच नव्हतं. जाझ मीच १९०२ मध्ये जन्माला घातला असा त्याचा दावा होता, तो दावा इतिहासकार मान्य करत नाहीत, पण ते रेकॉर्डिंग त्यामुळे कमी मोलाचं झालं का? नाही. तेव्हा "तेव्हा कसं वाजवायचे?" असं विचारू नका, "दाखवा ना" म्हणा, आणि वाजवायला लागले की माइक लांब करून पातळी कमी करा आणि शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत तोंड उघडू नका.

खेळाडूंना शरीराबद्दल विचारा, त्यांची आठवण तिथे असते. बोटं कुठे फाटायची, कुठला गुडघा, बूट कसे होते. आणि खेळ सुटल्यावरची पहिली सकाळ कशी गेली, हे कुणी विचारतच नाही.

विचारणारा कोण यानेही उत्तर बदलतं. १९३६ ते १९३८ मध्ये अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या, तेव्हा हयात असलेल्या २,३०० हून जास्त माणसांचं कथन सरकारी प्रकल्पात नोंदवलं गेलं, विचारणारे बहुतेक गोरे. त्यात चार्ल्सटनच्या एका म्हाताऱ्या बाईंचं कथन दोनदा आलंय, गोऱ्या बाईने विचारलं तेव्हा जुना मालक चांगला होता असं, आणि कृष्णवर्णीय माणसाने विचारलं तेव्हा अत्याचार. त्याच बाई, तेच आयुष्य. म्हणून नोंदीत स्वतःबद्दलही दोन ओळी लिहा, तुम्ही कोण, ओळख कशी, खोलीत आणखी कोण बसलं होतं. सून समोर असताना सासू काय बोलेल याचा विचार करा म्हणजे कळेल.

तास-दीड तासात थांबा. उठण्याआधी आलेल्या सगळ्या माणसांची आणि गावांची नावं कशी लिहायची ते विचारून घ्या. आणि बंद करायच्या आधी "मी काही विचारायचं राहिलं का?" हे विचाराच.

घरी आल्यावर, त्याच दिवशी

झोपायच्या आधी फाइल उतरवून घ्या. नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष, महिना, दिवस, मग आडनाव, मग भाग एक-दोन, म्हणजे यादी आपोआप लागते. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कापाकापी प्रतीवर. दुसऱ्या दिवशी ऐकत दर पाच मिनिटांना एक ओळ लिहा, "१५:०० पहिली निवडणूक, जीपचा किस्सा", एवढंही खूप आहे. पूर्ण ट्रान्सक्रिप्टला एका तासामागे पाच-सहा तास सहज जातात, सॉफ्टवेअर कच्चा मसुदा काढून देतं पण नावं आणि बोलीतले शब्द चुकवतं, म्हणून प्रत्येक ओळ कानाने तपासा. आणि बोली सुधारू नका, कृपा करून. "आलो व्हतो" ला "आलो होतो" करणं म्हणजे माणूसच बदलणं आहे.

मग पडताळणी. तारखा, स्कोअर, निकाल जुळवून बघा, पण चूक सापडली म्हणून कापू नका, नोंदीत खरी तारीख लिहा आणि बोललेलं तसंच ठेवा. इटलीतल्या तेर्नी गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कामगार १७ मार्च १९४९ ला नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. बऱ्याच वर्षांनी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली हे अभ्यासक तिथल्या लोकांशी बोलले तर अनेकांनी तो १९५३ मध्ये, कारखान्यातून मोठी कामगार कपात झाली त्या वेळच्या चकमकींत गेला असं सांगितलं. नुसती चूक म्हणून सोडलं असतं तर तिथेच संपलं असतं, पण पोर्तेल्लींनी विचारलं की सगळे एकाच बाजूला का चुकतायत, आणि उत्तर असं दिसलं की आपला माणूस असा हकनाक गेला हे गावाला सोसवत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचं मरण आपल्या सगळ्यात मोठ्या लढाईत नेऊन ठेवलं. कागदात मरणाची तारीख मिळते, हे मिळत नाही.

शेवटचं काम, एक प्रत त्या माणसाला स्वतः नेऊन द्या, लिंक पाठवून मोकळे होऊ नका. पेन ड्राइव्हवर द्या, शक्य असेल तर ट्रान्सक्रिप्ट मोठ्या अक्षरात छापून द्या आणि त्यांच्यासोबत बसून पाच मिनिटं तरी ऐका. आणि जाताना रेकॉर्डर चार्ज करून पिशवीत ठेवा, कारण स्वतःचा आवाज ऐकून झाला की हमखास म्हणतात, "अगं, ते तर सांगायचं राहिलंच."